तेल मागणारा चिरंजीव

धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून सातपुड्यात शिरणारी वाट माणसांनी भरून जाते. नंदुरबार-धुळ्याकडची, शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातली माणसं धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याकडे चालत असतात. महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं हे सर्वांत उंच शिखर, १३२५ मीटर. तिथं ठाणं आहे अश्वत्थाम्याचं. झोपलेल्या माणसांना मारणारा, गर्भावर अस्त्र सोडणारा हा योद्धा महाभारतात सगळ्यांनी टाकलेला. सातपुड्यात मात्र तो ऋषी आहे.

हे कसं झालं, ते समजायला युद्धाच्या अठराव्या रात्रीपाशी जावं लागतं.

वडाखालची रात्र

मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनानं अश्वत्थाम्याला सेनापती नेमलं, तेव्हा सेनेत उरले होते तिघेच: तो, त्याचा मामा कृपाचार्य आणि कृतवर्मा. रात्री वडाखाली विसावले असता अश्वत्थाम्यानं एका घुबडाला झोपलेले कावळे मारताना पाहिलं आणि त्याचा बेत ठरला. कृपाचार्यांनी विरोध केला. झोपलेल्यावर, नि:शस्त्रावर हात टाकू नये. आधी धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुराला विचारू, असं ते सांगत राहिले. पण बापाला, द्रोणाचार्यांना, कपटानं मारल्याची आग अश्वत्थाम्याच्या डोक्यात होती. लहानपणी दूध म्हणून पिठाचं पाणी पिऊन आनंदानं नाचलेला हा पोरगा. त्याचं दारिद्र्य बघवेना म्हणूनच द्रोण द्रुपदाच्या दारी गेले आणि अपमान घेऊन परतले. त्या वैराचा शेवट या रात्री होणार होता.

त्यानं द्रुपदपुत्र धृष्टद्युम्नाला मारलं, शिखंडीला मारलं, द्रौपदीचे पाचही मुलगे मारले. विरोध करणारे कृपाचार्य कृतवर्म्यासोबत छावणीच्या दारावर उभे राहिले आणि पळणाऱ्यांना कापत राहिले. पुढं पांडवांनी गाठल्यावर अश्वत्थाम्यानं गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र योजलं. अर्जुनानंही अस्त्र सोडलं. नारद आणि व्यास मध्ये आले, तेव्हा अर्जुनानं आपलं मागं घेतलं. अश्वत्थाम्याला ते साधेना. त्यानं ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं.

मग कृष्णाचा शाप आला: तीन हजार वर्षं एकटा भटकशील, अंगाला रक्तापुवाचा वास येईल, कुणी तुझ्याशी बोलणार नाही. व्यासांनीही शापाला दुजोरा दिला, आणि अश्वत्थाम्यानं तो मान्य केला. मी तुमच्यासोबतच माणसांत राहीन, एवढं तो व्यासांना म्हणाला. कपाळावरचा मणी देऊन तो वनात निघून गेला.

साथीदारांचं पुढं काय झालं? कृतवर्मा आपल्या राज्यात परतला; या रात्रीचा टोमणा मात्र त्याला वर्षांनंतर प्रभासक्षेत्री सात्यकीकडून ऐकावा लागला आणि त्यातूनच यादवी पेटली. कृपाचार्य हस्तिनापुरात राहिले. ज्या गर्भावर अस्त्र सोडलं होतं, त्याच परीक्षिताचे ते पुढं गुरू झाले. दारावर उभे असलेल्यांना घर मिळालं. आत गेलेल्याला मिळालं नाही.

तेल कुठून आलं?

न भरणाऱ्या दुःखाला आपण अश्वत्थाम्याची जखम म्हणतो. मणी गेल्यावर कपाळावर राहिलेल्या त्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेलं असतं. व्यासांच्या महाभारतात हे तेल नाही. ते लोकांनी आणलं. शापानं त्याचं बोलणं तोडलं होतं. लोकांनी त्याच्या तोंडी निदान एक मागणं ठेवलं. सातपुड्यात तर चुकलेल्या वाटसरूला तो वाट दाखवतो, असं मानतात. नर्मदा परिक्रमेला जाणारेही शूलपाणीच्या झाडीत तो भेटल्याच्या गोष्टी सांगतात.

मला यात लोकांचं मोठं शहाणपण दिसतं. त्यांनी त्याचा गुन्हा पुसलेला नाही. जखम त्याच्या कपाळावर तशीच ठेवली आहे. पण माणूस म्हणून त्याला काही काम दिलं, आणि वर्षातून एकदा त्याच्या दारी जायचं ठरवलं. २०२४च्या 'कल्की २८९८ एडी' या चित्रपटात अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा पापाचं परिमार्जन म्हणून पहारा देतो. तसंच एक काम सातपुड्यानं त्याला आधीच नेमून दिलं आहे.

आभाळातली जागा

विष्णुपुराण तर त्याहून पुढं जातं. सध्याचं मन्वंतर, म्हणजे एका मनूचा काळ, सातवं. आठव्या, सावर्णी मन्वंतरात नवे सप्तर्षी येतील आणि त्यांत एक असेल अश्वत्थामा. त्याच्या शेजारी कोण? त्याला अडवू पाहणारे कृपाचार्य आणि शापाला दुजोरा देणारे व्यास. तुमच्यासोबत राहीन, हा त्याचा शब्द तिथं खरा होणार आहे. आणि त्या मन्वंतरात इंद्र असेल बळी, ज्याला पाताळात घातलं आणि ज्याचं राज्य यावं म्हणून आपण पाडव्याला ओवाळतो.

दिवाळीच्या पहाटे सप्तर्षी ईशान्येला उगवून वर येत असतात. त्याच वेळी घराघरांत अभ्यंगासाठी तेल कोमट होत असतं. पुढच्या दिवाळीला अंगाला तेल लावण्याआधी एकदा त्या बाजूला पाहा. अस्तंब्याच्या वाटेवरच्या माणसांनी त्याच्यासाठी जी जागा धरून ठेवली आहे, तीच पुराणानं आभाळात राखली आहे.