भोवत्या पक्ष्याची परतीची वाट

आश्विन-कार्तिकांत देशावरील माळांवर भोवत्या नांवाचा शिकारी पक्षी उतरतो व फाल्गुन-चैत्रांत उत्तरेस परत जातो. मांटेग्यूचा भोवत्या व फिकट भोवत्या या दोन जातींची वीण कझाकस्तान व दक्षिण रशिया येथील गवताळ प्रदेशांत होते. नर करडा, पंखांचीं टोकें काळीं. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशीं पांढरा पट्टा. पंख किंचित् वर उचलून तो पिकावरून अगदीं खालून संथपणें फिरतो. घारीची शेपटी दुभागलेली असते, याची नसते.

पाहणी सायंकाळीं करावी. हे पक्षी उंच गवतांत जमिनीवर एकत्र रात्र काढतात. सूर्यास्तापूर्वीं अर्धा तास बांधावर स्वस्थ बसावें. जवळ जाऊं नये. येणारे पक्षी मोजून आंकडा व तारीख टिपावी. दर आठवड्यास असें केल्यास शेवटचा पक्षी केव्हां निघाला, तें कळतें.

यांत शेतकऱ्यास लाभ काय, असें कोणी पुसेल. नाकतोडे, टोळ व उंदीर हें भोवत्याचें भक्ष्य आहे. पण औषध मारलेले नाकतोडे शिकारी पक्ष्यास घातक होतात. 1995-96 सालीं अर्जेंटिनांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारल्यानें उत्तर अमेरिकेंतून आलेले हजारों शिकारी पक्षी मेले.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, पक्षी निघून जाईपर्यंत त्यांच्या मुक्कामाचें गवत जाळूं नये व त्याच्या आसपास फवारणी करूं नये. पुढील हिंवाळ्यांत किती परतले, हें आपली वहीच सांगेल.