मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची वाटणी

पेशी दुभंगताना केंद्रकातल्या डीएनएची वाटणी चोख होते. ४६ गुणसूत्रांच्या प्रती निघतात आणि धाग्यांनी ओढून दोन्हीकडे नेल्या जातात. मायटोकॉन्ड्रियाच्या (पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांच्या) डीएनएच्या नशिबी हा थाट नाही. माणसात हा डीएनए म्हणजे १६,५६९ बेस-जोड्यांचं एक कडं, त्यावर जेमतेम ३७ जनुकं. पण एकेका पेशीत अशी कडी शेकड्यांनी, हजारांनी असतात.

कडं उलगडलं तर पाचेक मायक्रोमीटर भरेल. टीएफएएम नावाचं प्रथिन त्याला जागोजागी वाकवून त्याची इवलीशी गोळी करतं, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. हे प्रथिन, प्रत काढणारं विकर, पीळ सोडवणारं ‘ट्विंकल’, या सगळ्यांची जनुकं मात्र केंद्रकात. घर मायटोकॉन्ड्रियाचं, किल्ल्या दुसऱ्याकडे!

मग प्रत कुठे काढायची, हे ठरतं कसं? समँथा लुईस, जोडी नुनारी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मानवी पेशींत ते पाहिलं. पेशीभर पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेची नळी मायटोकॉन्ड्रियाला जिथे बिलगते, तिथल्या गोळीतला डीएनए दुप्पट होत असतो. पुढे मायटोकॉन्ड्रिया तिथेच तुटतो आणि नव्या गोळ्या दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला येतात. वरवर बेशिस्त दिसणाऱ्या कारभारात एवढी शिस्त निघाली, हे मला तरी अनपेक्षित होतं.

तरीही नशिबाचा भाग उरतोच. पेशीत काही कडी निकोप, काही सदोष असली, तर कन्यापेशींत तेच प्रमाण राहील याची खात्री नाही. आई आणि मुलांतही ते बरंच वेगळं असू शकतं. होल्स्टीन गाईंच्या एकाच मातृवंशात डीएनएचा प्रकार काही पिढ्यांत बदललेला १९८२ मध्ये दिसला होता. सदोष कडी साधारण ६० ते ८० टक्क्यांपुढे गेली की ऊर्जानिर्मिती कोलमडू लागते. मेंदू, स्नायू, डोळे यांना आधी झळ बसते.

डॉक्टरांची पंचाईत इथेच होते. ३२४३ क्रमांकाच्या जागी होणारा एक बदल मधुमेह, बहिरेपणा, झटके असे विकार घडवतो. रक्तपेशी सतत नव्याने बनतात आणि त्यांतलं सदोष कड्यांचं प्रमाण वयानुसार घटत जातं; न विभागणाऱ्या स्नायूतंतूंत ते टिकून राहतं. म्हणून प्रौढ रुग्णाचा रक्ताचा अहवाल जवळजवळ निर्दोष आला, तरी लघवीतून आलेल्या पेशी तपासाव्या लागतात; त्यांत हे प्रमाण रक्तासारखं घटत नाही.