आकाशातला जागल्या

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांची वाट चढताना पायाखाली जो काळा दगड लागतो, तो एके काळी वाहता रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला आणि निवला. दोन हजारांहून अधिक वर्षांमागे कारागिरांनी त्यात चैत्य व विहार कोरले. आज तेथे धग नाही. पण आपल्या देशात एक जागा अजून निवलेली नाही.

अंदमानच्या समुद्रात, श्री विजयपुरमपासून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) सुमारे १४० किलोमीटरवर, बॅरन नावाचे निर्मनुष्य बेट आहे. दीड शतकाहून अधिक काळ निजलेला तेथील ज्वालामुखी १९९१ साली जागा झाला. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधु संकल्प' नौकेवरून समुद्रतळाचे नमुने घेत असता त्यांना तो राख ओकताना दिसला. दिवसा नुसते राखेचे ढग, सूर्य मावळल्यावर तांबडी कारंजी! ही राख विमानांनाही घातक. पण नौका तेथे रोज कोठून असणार? तो पहारा उपग्रह करतात.

तो कसा? आम्ही कॉलेज पाहिले नाही, भट्टी पाहिली. लोखंड लाल होण्याआधीच त्याची धग गालाला कळते. ही धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण होत. पदार्थ जितका तप्त, तितकी त्याच्या जोरदार किरणांची लांबी आखूड. साध्या जमिनीच्या बाबतीत ती १० मायक्रॉनांच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. तप्त रसाच्या बाबतीत अवघी २ ते ३ मायक्रॉन. १९९९ साली सोडलेल्या टेरा उपग्रहावरील यंत्र एकेका किलोमीटरच्या चौकोनाची धग ४ आणि ११ मायक्रॉनांवर वेगवेगळी मोजू लागले. चौकोनाच्या एका कोपऱ्यातच रस असला, तरी पहिला आकडा उसळतो, दुसरा त्यामानाने थोडाच हलतो. या तफावतीवरून आग ओळखायची. मात्र दाट ढग आडवे आले की हा डोळा मिटतो. म्हणून जमिनीवर भूकंपमापकाची जोड हवीच.

तरीही एवढ्याने भागत नाही. एका कारखान्यात बेअरिंग तापत असल्याचे आमच्या एका सोबत्याने तीनदा सांगितले. कोणी ऐकले नाही. चौथ्या दिवशी शाफ्ट मोडला आणि त्याचा हात गेला. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुईस ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. तरी १३ नोव्हेंबरच्या रात्री चिखलाच्या लोंढ्यांनी आर्मेरो गाव बुडवले, वीस हजारांहून अधिक माणसे दगावली.

जागल्याने हाक देणे हे निम्मे काम. ती ऐकून गाव हलवणे हे उरलेले निम्मे. आणि ते कोणत्याही यंत्राचे नव्हे, तुमचे-आमचे आहे.