घाम गळतो, पण शरीर निवत नाही

सप्टेंबर २०१८. अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धेत पुरुष एकेरीचा उपांत्यपूर्व सामना सुरू होता. एका बाजूला नोव्हाक जोकोविच, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचा जॉन मिलमन. दुसऱ्या सेटमध्ये २-२ अशी बरोबरी असताना मिलमनने कपडे बदलण्यासाठी कोर्टबाहेर जाण्याची परवानगी मागितली. तो इतका निथळत होता की घामाच्या धारांनी कोर्ट ओले होऊन पाय घसरण्याची भीती होती. पंचांनी परवानगी दिली. जोकोविचचीही हरकत नव्हती, कारण त्यालाही चार श्वास घ्यायला उसंत हवी होती. विशेष म्हणजे हा सामना भर दुपारी नव्हे, रात्री खेळला जात होता.

ऊन नसतानाही शरीर इतके का तापावे? आणि एवढा घाम येऊनही ते थंड का होऊ नये?

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता रक्तावाटे त्वचेपर्यंत येते आणि तिथून बाहेर पडते. हवा थंड असेल, तर काही उष्णता ती थेट ओढून घेते. मात्र हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाएवढे, म्हणजे साधारण ३५ अंश सेल्सियस झाले, की तो मार्ग बंद होतो. मग सगळी भिस्त घामावर येते.

पण नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर पडला, तर शरीरातील पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळत नाही. नागपुरात कूलर खोली गार करतो, पण मुंबईत तोच कूलर लावला तर खोली नुसती चिकचिकीत होते. त्यामागचे कारण हेच आहे. कोकणातल्या दमट दिवसांत माठातले पाणी विदर्भातल्यासारखे थंड होत नाही, तेही याच कारणाने.

२०१८ ची ती स्पर्धा या दृष्टीने जणू एक प्रयोगशाळाच ठरली. पुरुष एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेतेपदासाठी सात सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना पाच सेटपर्यंत जाऊ शकतो. २८ ऑगस्टला न्यूयॉर्कचा पारा ३५ अंशांच्या आसपास गेला. हवा दमट होती. त्या दिवशी अनेक पुरुष खेळाडूंनी सामने अर्ध्यावर सोडले आणि त्यांतील बहुतेकांना उष्णतेचा त्रास झाला होता. महिलांना अशा वेळी विश्रांती देणारा नियम आधीपासून होता, पुरुषांना मात्र नव्हता. अखेर आयोजकांनी त्याच दिवशी पुरुषांनाही तिसऱ्या सेटनंतर दहा मिनिटांची सुटी देऊ केली. जोकोविच आणि हंगेरीचा मार्टन फुचोविच यांनी ही दहा मिनिटे शेजारीशेजारी ठेवलेल्या बर्फाच्या पाण्याच्या टबांत काढली. मग येऊन जोकोविचने चौथा सेट ६-० असा जिंकला. अर्थात, बर्फ दोघांनाही सारखाच मिळाला होता. थंडावा थकवा लांबवतो. सामना जिंकून देत नाही.

पुढे चौथ्या फेरीत ३७ वर्षांच्या रॉजर फेडररला मिलमननेच हरवले. तीही दमट रात्र होती. फेडररच्या हातून ७७ सहज टाळता येण्याजोग्या चुका आणि १० डबल फॉल्ट झाले. कोर्टवर हवाच खेळत नव्हती, श्वास घेणे जड जात होते, असे त्याने नंतर सांगितले. मिलमन ब्रिस्बेनच्या दमट हवेत वाढलेला होता. सवयीमागेही शास्त्र आहे. साधारण एक ते दोन आठवडे उष्ण हवेत रोज बेताचा व्यायाम केला, की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. मात्र ही सवय काही आठवड्यांत मोडते, आणि त्या रात्री मिलमनसारख्या सरावलेल्या खेळाडूलाही कपडे बदलावेच लागले.

म्हणूनच आता टेनिसमध्ये केवळ पारा पाहून निर्णय घेतले जात नाहीत. ऑस्ट्रेलियन ओपनने २०१९ पासून हवेचे तापमान, उन्हाची धग, आर्द्रता आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारी १ ते ५ अशी मोजपट्टी आणली. ४ वर पुरुष एकेरीत तिसऱ्या सेटनंतर दहा मिनिटांची विश्रांती मिळते, ५ वर खेळ थांबवता येतो. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना असलेल्या एटीपीनेही २०२६ च्या हंगामासाठी असा नियम मंजूर केला. त्यात ‘वेट बल्ब ग्लोब’ हा निर्देशांक धरला आहे. या निर्देशांकात ७० टक्के वजन ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीच्या नोंदीला असते, म्हणजे घाम कितपत वाळेल याला. तो ३०.१ झाला, की तीन सेटच्या एकेरी सामन्यात दुसऱ्या सेटनंतर खेळाडूला दहा मिनिटांची विश्रांती मागता येते, ३२.२ च्या वर गेला, की खेळ थांबतो.

हे सारे खेळाडूंपुरते नाही. मैदानात सराव करणारी मुले, पोलिस भरतीसाठी धावणारे तरुण, इमारतींवर राबणारे मजूर यांच्या शेजारी ना बर्फाचा टब असतो, ना डॉक्टर. आज पारा ३३ च आहे, ही समजूत किनारपट्टीवर फसवी ठरू शकते. कपडे वाळत नसतील, तर घामही वाळणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. सराव सकाळी लवकर करावा. सुटीनंतर एकदम पूर्ण जोर लावू नये. तासन्‌तास घाम गाळल्यावर केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत घटू शकते; म्हणून मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताकही घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पायात गोळे येणे, मळमळ, चक्कर या पहिल्या सूचना असतात. तिथेच थांबून सावलीत जावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता लगेच अंगावर भरपूर गार पाणी ओतावे. मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. दमट हवेत नुसता पंखा पुरत नाही. मेंदू आणि मूत्रपिंड वाचतील की नाही, हे बऱ्याचदा या पहिल्या अर्ध्या तासातच ठरते.