हाताची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे बारा आठवडे : राजापूरच्या कार्यकर्त्यांनी काय जाणून घ्यावे?

राजापूर तालुक्यातल्या वाड्यांमध्ये हाताला इजा झाल्याच्या बातम्या आपल्या कानावर नेहमी येतात. कवळ तोडताना कोयता निसटतो. चिरेखाणीत मशीनजवळ बोट सापडते. ग्रास कटरचे पाते हातावर येते. पावसात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरतो आणि पडताना टेकलेले मनगट मोडते. आपण जखमेला टाके पडले की 'आता बरे होईल' असे म्हणतो आणि कामाला लागतो. तीन महिन्यांनी कळते की जखम भरली, पण बोट वाकत नाही. कोयत्याची मूठ पकडता येत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच गेलेला असतो.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कष्टावर जगली. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेवर जगात काय संशोधन झाले आणि त्यातून रुग्णाची काळजी कशी बदलली, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. या संशोधनाचा सांगावा थोडक्यात असा आहे : हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर जोडला जातो, पण तो कामाचा राहील की नाही हे पुढच्या साधारण बारा आठवड्यांत ठरते. नेमके याच काळात आपला माणूस एकटा पडतो.

'शीर तुटली' म्हणजे नेमके काय तुटले?

हाताच्या पंजात आणि मनगटात मिळून २७ हाडे असतात. त्यांपैकी ८ लहान हाडे मनगटात असतात. बोटे वाकवणारे मोठे स्नायू मात्र बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात. त्यांची ओढ बोटांपर्यंत दोरीसारखे टेंडन पोहोचवतात. शेजारूनच रक्तवाहिन्या आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा जातात.

आपल्याकडे या तिन्हींना 'शीर' म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसते. टेंडन किंवा नस तुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून टाके घालण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी. प्रत्येक बोटाचे टोक वेगवेगळे वाकते का? बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का? उत्तर 'नाही' आले तर केवळ कातडीला टाके घालून भागणार नाही. टेंडन पहिल्या काही दिवसांत जोडला तर उत्तम. आठवडे उलटले की त्याची तुटलेली टोके मागे सरकतात, आक्रसतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

संशोधनाने बदललेल्या तीन समजुती

पहिली समजूत अशी होती की बोटाच्या मुळाजवळ तुटलेला टेंडन लगेच जोडू नये. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात आणि जोडल्यावर चिकटून बसतात. अमेरिकेतील सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटले होते. १९६७ मध्ये हॅरॉल्ड क्लायनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तिथेही टेंडन लगेच जोडता येतो. अट एकच होती : शस्त्रक्रियेनंतर बोट पूर्ण बांधून न ठेवता ठरावीक मर्यादेत हलवत राहायचे. त्यांनी नखाला रबर बँड जोडून ही हालचाल साधली. आज पद्धती बदलल्या, पण नियंत्रित हालचालीचे तत्त्व टिकून आहे.

दुसरी समजूत म्हणजे भूल देण्याच्या औषधाबरोबर अ‍ॅड्रेनलिन बोटात टोचले तर रक्तपुरवठा थांबून बोट मरते. पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना हेच शिकवले गेले. कॅनडातील डोनाल्ड लालोंद आणि सहकाऱ्यांनी हात व बोटांच्या सलग ३,११० रुग्णांची नोंद ठेवून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांच्यापैकी एकाचेही बोट त्यामुळे गेले नव्हते. यातून रुग्णाला जागे ठेवून, दंडाला रक्त थांबवणारा पट्टा न बांधता शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पसरली. शस्त्रक्रिया चालू असतानाच रुग्ण बोट वाकवून दाखवतो आणि जोड नीट बसला की नाही हे सर्जनला तिथेच कळते. पूर्ण भूल आणि तिचा खर्चही वाचतो.

तिसरी समजूत अशी की महाग ते चांगले. मनगटाचे हाड सरकून मोडले की प्लेट बसवायची की साध्या तारा, हा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर याची तुलना झाली. कुणाला काय बसवायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले होते. २०१४ मध्ये निष्कर्ष आला की वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हातांच्या कामात महत्त्वाचा फरक नव्हता आणि तारा स्वस्त होत्या. ही तुलना बाहेरून ओढून जागेवर बसवता येणाऱ्या हाडांपुरती होती. सांध्याचा पृष्ठभाग चुरडला असेल तर प्लेट लागू शकते. तरीही कर्ज काढण्याआधी 'माझ्या मोडीला तारा चालतील का?' असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

आपल्या मातीतले संशोधन

हे सगळे परदेशातच घडले असे नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात असा तेव्हा समज होता. बोटे झडण्याचे मोठे कारण बधिरपणा आहे, हे त्यांनी रुग्णांचे बारीक निरीक्षण करून दाखवले. वेदना कळत नाही, म्हणून चटके आणि जखमा होत राहतात. आखडलेल्या बोटांसाठी त्यांनी निरोगी स्नायूचा टेंडन वळवून जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या.

महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरोग झालेल्यांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. हा सर्जन १९७० च्या दशकात आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यातील मांडव्याला गेला. तिथे त्यांनी गावातल्या, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुष्कळशी आरोग्यसेवा गावातच, गावातल्या माणसांच्या हातून होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने शेकडो हात दुरुस्त केले त्याला रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जावेसे का वाटले, याचा आपण विचार केला पाहिजे.

मुंबईचेच डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळयांची कमी खर्चातली चौकट तयार केली. हाडे बाहेरून धरून ठेवणारी ही चौकट 'जेस' या नावाने देशभरच्या अस्थिरोग विभागांत माहीत आहे.

बारा आठवड्यांचा हिशेब

जोडलेला टेंडन पहिले काही आठवडे कच्चा असतो. त्या काळात जोर लावला तर तो तुटतो. अजिबात हलवला नाही तर चिकटतो. म्हणून साधारण सहा आठवडे हाताला स्प्लिंट असते आणि सांगितलेले व्यायाम दिवसातून अनेकदा करायचे असतात. त्यानंतर हलकी कामे सुरू होतात. जड काम साधारण बारा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. नस जोडली असेल तर ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मनगटाजवळ तुटलेल्या नसेची संवेदना बोटांच्या टोकाला यायला सहा महिने किंवा जास्तही लागू शकतात. तोवर ते बोट बधिर असते. गरम भांडे, चूल, विडी यांपासून त्याला जपावे लागते.

आता राजापूरच्या माणसाची परिस्थिती पाहा. रत्नागिरी इथून सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते. बरोबर येणाऱ्याचाही रोज बुडतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यात रुग्ण जाणे बंद करतो. पाचव्या आठवड्यात स्प्लिंट काढून कोयता हातात घेतो. यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. घरातले पीठ संपलेले असते.

याचा परिणाम संशोधनावरही होतो. जो रुग्ण तपासणीला परत येत नाही, तो आकड्यांतून गळतो. हाताचे काम मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'डॅश' नावाची ३० प्रश्नांची यादी १९९६ मध्ये तयार झाली. त्यात घट्ट झाकण उघडणे, किल्ली फिरवणे असे प्रश्न आहेत. उदाहरण म्हणून गोल्फ आणि टेनिसही आहेत. भात लावणे, डोक्यावर हंडा चढवणे, कोयता चालवणे त्यात नाही. आपले हात मोजलेच गेले नाहीत तर आपल्या गरजांवर उपाय कोण शोधणार? म्हणून तपासणीला परत जाणे आणि 'मला हे काम जमत नाही' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे, हेही संशोधनाला हातभार लावणे आहे.

मात्र कुणी रुग्णाला संशोधनात सहभागी व्हायला सांगितले तर माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा त्याला हक्क आहे आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. भारतातील औषधचाचण्यांची नोंद सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करावी लागते. ती कुणालाही पाहता येते.

जखम झाल्याबरोबर काय करावे?

१. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. सुतळी आवळून बांधू नका.

२. हळद, चुना, तंबाखू, राख जखमेत भरू नका. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा.

३. बोट पूर्ण तुटले असेल तर ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. जपानमध्ये १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा प्रथम जोडला गेला. अशी शस्त्रक्रिया प्रत्येक वेळी शक्य नसते, पण नीट थंड ठेवलेले बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडण्याची आशा असते. मनगटापासून हात तुटला असेल तर वेळ खूपच कमी असतो.

४. १०८ ला फोन करा. सूक्ष्म शस्त्रक्रिया कुठे होते हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारा. चुकीच्या ठिकाणी गेलेले तीन तास परत मिळत नाहीत.

५. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. हात बरा होईपर्यंत विडी, तंबाखू, मिश्री बंद ठेवा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

भरपाई हा उपकार नाही

कामावर असताना इजा झाली तर मालकाची जबाबदारी असते. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती गेली याची टक्केवारीच दिली आहे : अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एक पूर्ण हात ६० टक्के. ही भरपाईची व्यवस्था आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मजुराच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे, ही शिकवण आपल्याला तिथून मिळाली. खाणीत किंवा बांधकामावर इजा झाली तर त्याच दिवशी रुग्णालयाच्या कागदावर 'कामावर असताना' असे लिहून घ्या. दोन साक्षीदारांची नावे टिपून ठेवा आणि दावा लांबवू नका.

गावशाखेने काय करावे?

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या, कुणीच लक्ष न दिलेल्या भिक्खूची हकिकत आहे. भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. तिथेच रुग्णाची सेवा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत : औषध देता येणे, पथ्य-अपथ्य ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, घाणीचा किळस न करणे आणि रुग्णाला धीर देणे. यातल्या एकाही गुणाला पदवी लागत नाही.

म्हणून प्रत्येक गावशाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत. एक, हाताला मोठी इजा झालेल्या प्रत्येकाच्या तपासणीच्या तारखा एका वहीत लिहाव्यात आणि आदल्या दिवशी आठवण करून द्यावी. दोन, त्या फेऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी छोटा निधी ठेवावा. उपचार मुंबईत असतील तर आपल्या मुंबईकर मंडळींनी राहण्याची सोय पाहावी. तीन, बारा आठवडे त्याची लावणी, कापणी, लाकूडफाटा वाडीने वाटून घ्यावा, म्हणजे त्याला स्प्लिंट लवकर काढावे लागणार नाही.

सर्जन आपले दोन तासांचे काम करतो. उरलेले बारा आठवडे आपले आहेत. ते आपण सांभाळले तर आपल्या माणसाच्या हातात पुन्हा कोयता येईल, पेन येईल आणि त्याच्या घरची चूलही पेटत राहील.