हायलंड पार्कची ९३ मिनिटे

१९१३च्या उन्हाळ्यापर्यंत डेट्रॉईटशेजारच्या हायलंड पार्क कारखान्यात फोर्डची ‘मॉडेल टी’ एका जागी उभी असे आणि माणसे सुटे भाग घेऊन तिच्याभोवती फिरत. एका चासीच्या जुळणीला सगळ्यांची मिळून साडेबारा तासांची मेहनत लागे. मग रहाट आणि दोर लावून चासी २५० फूट ओढत नेऊन पाहिली. तेवढ्यानेच हा वेळ सहा तासांच्या आत आला. १९१४च्या वसंतात, साखळीवर सरकणाऱ्या चासीसाठी, तो उरला ९३ मिनिटे!

मला मात्र मॅग्नेटोचा हिशेब त्याहून थक्क करतो. इंजिनात ठिणगी पाडणारा हा भाग एकटा कामगार २० मिनिटांत जोडी. तेच काम २९ जणांत वाटले आणि नगामागे १३ मिनिटे १० सेकंद लागू लागली. पुढे जुळणीची रांग आठ इंच उंच केली. कामगारांचे वाकणे थांबले आणि वेळ सात मिनिटांवर आला. फक्त आठ इंच! नंतर साखळीने तो पाच मिनिटांवर आणला.

१९१४ साली फोर्डच्या सुमारे १३,००० कामगारांनी २,६७,७२० गाड्या बनवल्या. अमेरिकेतल्या बाकी २९९ कंपन्यांच्या ६६,३५० कामगारांनी मिळून बनवल्या २,८६,७७०. सुरुवातीला ८५० डॉलरला मिळणारी गाडी १९२०च्या दशकात २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२७पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

पण याच कारखान्याचा एक आकडा गाड्यांचा नाही, माणसांचा आहे, आणि तो अधिक बोलका आहे. दिवसभर तोच एक बोल्ट आवळत राहणे लोकांना सोसवेना. १९१३ साली नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते. म्हणजे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षात ५२,००० माणसे घ्यावी लागली. वर्षअखेरीस तर १०० कामगार वाढवायचे तर ९६३ जणांची भरती करावी लागे.

म्हणून जानेवारी १९१४मध्ये २.३४ डॉलरची रोजंदारी पाच डॉलर झाली आणि नऊ तासांचा दिवस आठ तासांचा. कडाक्याच्या थंडीत फाटकाबाहेर हजारोंची झुंबड उडाली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले गेले. सोडून जाणारे त्या वर्षी ५४ टक्क्यांवर आणि १९१५मध्ये १६ टक्क्यांवर आले. पण ते पाच डॉलर सरसकट नव्हते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळे, आणि तो मिळण्याआधी कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी येऊन तो दारू पितो का, पैसे साठवतो का, घर नीट ठेवतो का, हे पाहून जात.