सौरसंच : आज घ्यावा की थांबावे?

डोंबिवली पूर्वेतील आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चार वर्षांपूर्वी गच्चीवर 10 किलोवॉटचा सौरसंच बसविण्याचा प्रस्ताव आला होता. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात माझी हयात गेलेली, म्हणून माझे मत विचारण्यात आले. ‘पॅनेल दरवर्षी स्वस्त होत आहेत, थोडे थांबू,’ असे मी सांगितले आणि सभेने ते मान्य केले. परवा जुनी बिले चाळताना तो सल्ला किती महागात पडला, हे ध्यानी आले.

माझे म्हणणे निराधार नव्हते. 1977 साली पॅनेलच्या एका वॉटला सुमारे 76 डॉलर पडत; आज तो दर अर्ध्या डॉलरच्याही खाली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. भाव उतरत असताना माल भरू नये, हे आपल्या पेढीवरील नवा मुलगाही जाणतो. परंतु सौरसंच हा गोदामातील माल नव्हे. तो पहिल्या दिवसापासून कमावणारे यंत्र आहे.

हिशेब पाहू. एक किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. म्हणजे 10 किलोवॉटची वर्षाला 14,600 युनिट. युनिटला 10 रुपये धरल्यास बचत 1,46,000 रुपये. संचाची किंमत 6 लाख मानू. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. ते वजा जाता गुंतवणूक 4,20,000 रुपये. एक वर्ष थांबल्यास 7 टक्क्यांनी 29,400 रुपये व्याज मिळेल, पण बचत बुडेल. ही तूट भरून निघण्यास संच वर्षभरात सुमारे 19 टक्के स्वस्त व्हावा लागेल. खर्चात पॅनेलचा वाटा निम्म्याहून कमी. उरलेला सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग व मजुरीचा. तेव्हा एकट्या पॅनेलचा भाव 40 टक्के उतरला तरच थांबणे फायद्याचे.

थांबल्यामुळे आम्हांस 1,80,000 रुपये अनुदान मिळेल, हे खरे. पण आजच्या दराने चार वर्षांची बुडालेली बचत 5,84,000 रुपये होते.

तरीही काही ठिकाणी थांबणेच शहाणपणाचे. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, गच्ची गळत असेल, किंवा घोडबंदर रस्त्यासारखी शेजारी उंच इमारत उभी राहून सावली पडणार असेल, तर आधी ते प्रश्न सोडवावेत. बॅटरीचीही घाई नको. महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जादा वीज ग्रिडला जाऊन बिलात वळती होते. मात्र वीज गेली की बॅटरीविना संचही थांबतो, हे सभासदांना आधीच सांगावे.

येत्या सभेत तो प्रस्ताव मीच मांडणार आहे, चार वर्षांच्या बिलांसह.